डाव्या हाताचा घास

जर्मनीत राहून मी अमेरिकेतल्या एका बेसबॉल संघासाठी खेळाडू हेरते, असं सांगितलं की लोक दोनदा विचारतात. आधी विचारतात, "बेसबॉल? जर्मनीत?" मग मला वरपासून खालपर्यंत बघतात आणि म्हणतात, "आणि तुम्ही?" हो, मी. अमरावतीची आहे मी. शाळेपासून विद्यापीठाच्या संघापर्यंत सॉफ्टबॉल खेळले, तेही कॅचर म्हणून, म्हणजे बॅटरच्या मागे उकिडवं बसून चेंडू झेलायचे, सगळ्यात धुळीतलं काम. आमच्या तिकडे मुलींना हा खेळ नवा नाही. पुण्या-मुंबईच्या मंडळींना हे ठाऊक नसेल तर त्याला मी काय करू?

लग्न करून स्टुटगार्टला आले. गेर्लिंगेनला ऑफिसात मोजमापाच्या उपकरणांचं काम मिळालं. शनिवार-रविवार मात्र अंगावर यायचे. दुकानं बंद, रस्ते सुनसान, आणि खिडकीतून बघावं तर समोरची बाई खिडकी पुसतेय. मग एका फेराइनमध्ये, म्हणजे इथल्या क्लबात, बेसबॉल-सॉफ्टबॉल चालतो असं कळलं आणि मी जाऊन नाव घातलं. आधी खेळले, गुडघे कुरकुरायला लागल्यावर शिकवायला लागले. कधीमधी अमेरिकेहून स्काउट यायचे, बॅटरच्या मागे जाळीपाशी बसून पिचरच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, चेंडूचा वेग मोजायचे. त्यातल्या एकाला मी तोंडावर सांगितलं की तुमची रडार गन तिरकी धरलीय, आकडा कमी येणार. तोच पुढे माझा बॉस झाला. इकडे कोणी बरा खेळाडू दिसला तर कळवत जा, म्हणाला. तेव्हापासून ही हौस सुरू आहे.

लोकांना वाटतं, वेग मोजला की झालं. वेग काय, यंत्र सांगतं. आपण बघायचं ते बाकीचं. मार खाल्ल्यावर पोरगा चेंडू परत घ्यायला कसा जातो, दमला की खांदा कुठे नेतो, कॅचरने चूक केली तर त्याच्याकडे कसा बघतो. आईबापांकडेही बघायचं. बॉस तर सरळ बापाची उंची आणि आईची मनगटं बघतो. मला सुरुवातीला हे जनावरांच्या बाजारासारखं वाटलं होतं आणि तसं मी त्याला म्हणालेही. तो हसला आणि म्हणाला, बाजारच आहे.

दोन-तीन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. बॉसचा फोन आला. अमेरिकेत कॉलेजकडून खेळणारा एक पिचर महिन्याभरासाठी घरी स्टुटगार्टला आलाय, रविवारी जुन्या क्लबासाठी एक मॅच टाकणार आहे, पुढच्या महिन्यात ड्राफ्ट आहे. ड्राफ्ट म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक संघांनी ओळीने एकेक करून पोरं निवडायची. नाव आलं तर नोकरी, मैदान, सगळं आयुष्य. नाही आलं तर कॉलेजात परत, आणि पुढच्या वर्षीचं कोणी सांगावं? आमच्या संघाच्या यादीत हा पोरगा होता. शेवटचं एकदा बघायचं आणि घरच्यांना भेटायचं, एवढंच राहिलं होतं.

"तू ओळखतेस का या कुटुंबाला?" बॉसने विचारलं.

ओळखते? बाप्पा! त्या पोराच्या हातात पहिला ग्लोव्ह मी घातला होता. आम्ही शेजारी होतो. त्याची आई किंडरगार्टनमध्ये नोकरी करायची, उशीर झाला की हा माझ्याकडे. मी प्रॅक्टिसला निघाले की हाही निघायचा. बाप त्सुफेनहाउझेनला आमच्या ह्यांच्याबरोबर एकाच कारखान्यात इंजिनिअर, मला वहिनी म्हणायचा. त्याला खरं तर मुलाने फुटबॉल खेळावा असं वाटत होतं. पण एकदा मुलगा पिचर झाला म्हटल्यावर हा माणूस असा काही पेटला की विचारू नका. दर शनिवार-रविवारी आउटोबानवर गाडी, आज रेगेन्सबुर्ग, उद्या माइन्झ. प्रत्येक चेंडूची नोंद एक्सेलमध्ये. रजा सगळ्या स्पर्धांना. गेली कित्येक वर्षं तो भारतात गेला तो फक्त आई वारली तेव्हा.

मी बॉसला स्पष्ट सांगितलं, हा मला मावशी म्हणतो, माझ्या मताचा काही भरवसा धरू नका, दुसरं कोणी पाठवा. तो म्हणाला, स्टुटगार्टमध्ये माझ्याकडे दुसरं कोणी नाही. आणि घरच्यांना भेटायला जायचं तर दार उघडणारं माणूस बरोबर असलेलं बरं. मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू, मलाही तो निवडला जायला हवा होता. माझ्या हाताखालचा पोरगा!

शनिवारी दुपारी त्यांच्याकडे जेवायचं ठरलं. मुलाच्या आईनेच फोन करून आग्रह धरला. "ताई, तुम्ही पण याच हं. साहेबांना एकटं पाठवू नका. तुम्ही आल्याशिवाय मी पानं घेणार नाही." तिचा एरवी आग्रहाचा स्वभाव नाही. घरात बोलणं सगळं बापाचं, ही बाई मान हलवणार. तिचा एकच कडक नियम, जेवणाच्या टेबलावरचा. मुलगा जर्मन पोरांत वाढला, उत्तरं जर्मनमध्ये देतो, बूट घालून घरभर फिरतो, ते सगळं चालायचं. पण डावा हात ताटाकडे गेला की हातावर चापट. "उजवा!" माझ्याच स्वयंपाकघरात मी तिला त्याच्या हातावर फटका मारताना पाहिलंय, तेव्हा तो माझ्या कमरेएवढा होता.

बेत जोरदार होता. भरली वांगी, पुऱ्या, पोळ्या, कोशिंबीर, वरणभात, मठ्ठा, आणि इथल्या क्वार्कचं श्रीखंड, जे आपल्या चक्क्याच्या तोंडात मारेल असं होतं. बॉससाठी काटा-सुरी. बाप आल्याआल्या लॅपटॉप उघडून बॉसला आलेख दाखवायला लागला, मुलाच्या कर्व्हबॉलला, म्हणजे हवेत वळणाऱ्या चेंडूला, किती फिरकी आहे, कोणत्या महिन्यात किती वाढली. बॉस एकेक पुरी गट्टम करत "हो का, हो का" करत होता आणि मधूनच बापाच्या खांद्यांकडे बघत होता. मुलगा माझ्या समोर बसला होता. भरदार झाला होता, दाढी राखली होती. "कसा आहेस रे?" म्हटलं तर, "गूट, मावशी, आलेस गूट." म्हणजे बरं, सगळं बरं.

त्याच्या ताटात पोळी नव्हती, पुरीही नव्हती. नुसता वरणभात कालवलेला, आणि चमचा. "तो पोळ्या कमी खातो आता, डाएट आहे म्हणे," आई म्हणाली आणि आत निघून गेली. मी मान हलवली. मग लक्ष गेलं. चमचा डाव्या हातात होता. उजवा हात टेबलाखाली, मांडीवर. मला वाटलं, अमेरिकेत राहून वळण बिघडलं असेल. बॉसही डाव्या हातात काटा धरून खात होता, त्याला त्यात काय नवल? पण मी बघत राहिले. एकदा मठ्ठ्याचा पेला उजवीकडे होता, तर त्याने कमरेतून वळून डाव्या हाताने घेतला. एकदा उजवा हात वर आला, पाव अंतर आला, आणि पुन्हा खाली गेला. कोपर वाकत नव्हतं. तोंडापर्यंत घास नेता येत नव्हता त्या हाताला, आणि उद्या त्याच हाताने तो पिचिंग करणार होता.

माझी तर भूकच मेली. श्रीखंडाची वाटी तशीच राहिली.

त्या आठवड्यात त्यांच्याकडे केअरवोखं होतं. श्वाबेन भागात प्रत्येक घराला आळीपाळीने इमारतीचा जिना झाडायचा आठवडा येतो, पाटी दाराला लटकते, आणि पाहुणे असोत की सुतक, शनिवारी जिना झाडावाच लागतो. नाहीतर खालची म्हातारी दार वाजवते. जेवण झाल्यावर आई मुलाला म्हणाली, जा, जिना झाडून ये. मी म्हटलं, मी पण जरा पाय मोकळे करून येते. बाप तेव्हा बॉसला माइन्झच्या मॅचचा व्हिडिओ दाखवत होता, त्याने वरही पाहिलं नाही.

जिन्यावर पोरगा डाव्या हाताने झाडू ओढत होता. मी दोन पायऱ्या वर बसले आणि म्हटलं, "उजव्या हाताने स्वतःचा खांदा शिव."

"मावशी, पास्ट शोन." म्हणजे ठीक आहे, चालतंय.

"पास्ट-बिस्ट काही नाही. शिव."

त्याने प्रयत्न केला. बोटं खांद्यापर्यंत पोचलीच नाहीत, आणि ओठ पांढरे पडले. मग झाडू भिंतीला टेकवून तो माझ्या शेजारी बसला आणि अर्धं जर्मन, अर्धं इंग्लिश, मधूनच मराठी असं सगळं ओकला. सीझनच्या शेवटापासून दुखतंय. शेवटची दोन बोटं बधिर होतात. गोळ्या घेऊन फेकलं की काही इनिंग निघतात, मग रात्रभर ठणका. तिकडे कोणाला बोललो नाही. एकदा ड्राफ्टमध्ये नाव आलं की मग संघवालेच बघतील.

"अरे शहाण्या," मी म्हटलं, "नाव आल्यावर आधी त्यांचे डॉक्टर तपासतात. कोपर काय खिशात लपवणार आहेस? आणि तोवर उरलंसुरलं तुटलं तर? जेवायला डावा हात आहे, फेकायला काय करशील?"

"पप्पाला सांगू नकोस," तो म्हणाला. एवढंच मराठीत, स्वच्छ. "त्याने सगळं यासाठी केलंय."

मला त्याच्या बापाचा राग आला, त्याचा आला, आणि ग्लोव्ह हातात घातला म्हणून स्वतःचाही आला. मी म्हटलं, "उद्या मॅचच्या आधी तू ट्रेनरला सांग. बापाला मग मी समजावते. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन. मावशी म्हणतोस ना? मग मावशीचं ऐक." तो "या, या" म्हणाला. ते जर्मन "या" होतं, म्हणजे हो. पण मन त्यात नव्हतं, ते मला ऐकू आलं.

रविवारी मैदानावर गेले तर आमचा पोरगा वॉर्म-अप करतोय. माझ्याकडे बघेना. बाप जाळीला चिकटून उभा, आई घडीच्या खुर्चीवर थर्मास घेऊन. मी बॉसच्या शेजारी बसले आणि सरळ सांगितलं, या पोराचं कोपर गेलंय.

बॉसने पहिले चेंडू मोजले आणि गन माझ्याकडे वळवली. आकडा झकास होता. "दुखऱ्या हाताने हे येत नाही," तो म्हणाला.

"गोळी घेतलीय त्याने. जरा थांबा."

पहिली इनिंग त्याने मस्त काढली, मलाच वाटायला लागलं की मी मूर्ख. दुसऱ्या इनिंगला कर्व्हबॉल आधीच जमिनीवर आपटायला लागला. कोपर खाली येत होतं. दोन चेंडूंच्या मध्ये तो पाठ फिरवून बोटं झटकत होता, बधिर होतात म्हणाला होता तीच. बॉस पुढे सरकला. त्याला अजून बघायचं होतं, त्याचं कामच ते. माझ्याने बसवेना. अजून एक जोरात टाकला असता आणि तटकन आवाज आला असता तर मी जन्मभर काय तोंड घेऊन फिरले असते? उठले, जाळीच्या दारातून आत गेले आणि ट्रेनरला म्हटलं, काढ त्याला बाहेर, आत्ता, कोपर. ट्रेनर माझ्याच हाताखाली शिकलेला, वाद घालत बसला नाही.

एरवी बाहेर काढलं की हा पोरगा ग्लोव्ह आदळायचा, पाण्याची बाटली लाथाडायचा. त्या दिवशी त्याने चेंडू ट्रेनरच्या हातात ठेवला आणि मुकाट्याने येऊन बाकावर बसला. डोक्यावर टॉवेल घेतला. हलकं वाटलं असणार त्याला. मला तर वाटलंच.

बाप माझ्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा लालबुंद होता. "काय सांगितलंत तुम्ही त्याला?" मी सांगितलं. त्याला एक अक्षर पटलं नाही. "माझ्या मुलाचं मला कळत नाही आणि तुम्हाला कळतं? काल आमच्या घरी जेवलात, वहिनी. आमचं मीठ खाल्लंत. आणि आज चार लोकांत, त्या साहेबासमोर? पुढच्या महिन्यात ड्राफ्ट आहे! काय बिघडवलं होतं आम्ही तुमचं?" आवाज चढला तशी जर्मन माणसं मान वळवून बघायला लागली. मलाही तोंड आहे, एरवी मी सोडत नाही कोणाला. पण त्या दिवशी त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी आईकडे बघितलं. ती थर्मासचं झाकण फिरवत होती. उघडायचं, लावायचं, उघडायचं.

परतताना बॉसने विचारलं, "तुला कधी कळलं?"

"जेवताना. आमच्यात डाव्या हाताने जेवत नाहीत."

"मी तिथेच होतो."

"तुम्ही श्रीखंड खात होतात," मी म्हटलं. तो म्हणाला, यादीतून नाव काढावं लागेल. मी म्हटलं, काढा.

पुढच्या आठवड्यात एमआरआय झाला. कोपरातलं लिगामेंट अर्धं फाटलं होतं. ऑपरेशन करायचं ठरलं, वर्षभर फेकणं बंद. ड्राफ्ट झाला, त्याचं नाव कोणीच घेतलं नाही. हे सगळं आमच्या ह्यांच्याकडून कळलं, कारण त्या घरातून मला फोन येणं बंद झालं होतं. नंतर नंतर ह्यांच्याशीही कँटीनमध्ये बोलणं बंद झालं. गणपतीला इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये गेले तर दोन-तीन बायका माझ्याकडे बघून जरा जास्तच गोड हसल्या. म्हणजे गोष्ट पसरली होती. मुलाचं भलं बघवलं नाही, असंही कोणी म्हटल्याचं कानावर आलं. मुलाचं भलं! मी त्याला चड्डी बदलून दिलीय लहानपणी! ह्यांनी समजूत घातली की तू त्याचा हात वाचवलास. वाचवला असेल. पण माझं एक घर गेलं होतं, हक्काने चहाला जायचं, आणि मला ते फार लागलं होतं. रडलेसुद्धा, उगाच कशाला लपवू.

पानं गळायला लागली होती तेव्हा एका दुपारी ऑफिसच्या रिसेप्शनवरून फोन आला, कोणी भेटायला आलंय. खाली गेले तर त्याची आई. हातात पिशवी. आम्ही बाहेर बाकावर बसलो. मी मनात सगळं तयार ठेवलं होतं, काय काय बोलायचं ते.

तीच आधी बोलली. "ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, पुढच्या उन्हाळ्यात फेकेल. अजून काही मॅच टाकल्या असत्या तर काही खरं नव्हतं, म्हणाले."

"बरं झालं," मी म्हटलं. सुकंच म्हटलं.

"ताई, त्या दिवशी तो डाव्या हाताने जेवला आणि मी त्याला टोकलं नाही. तुमच्या लक्षात आलं नाही?"

मी तिच्याकडे वळले.

"चमचा मीच ठेवला होता, डाव्या बाजूला," ती म्हणाली. "पोळी त्याला मोडता येत नव्हती. तो घरी आल्यापासून मी बघत होते. ह्यांना सांगायची सोय नव्हती, ऐकलंच नसतं. मुलाने मला शपथ घातली होती. म्हटलं, तुम्हाला जेवायला बोलवावं. तुमचं कामच आहे ना बघायचं. एवढं तर दिसेल."

मी एवढी चिडले की उभीच राहिले. "आणि मैदानावर? तो मला वाट्टेल ते बोलत होता तेव्हा थर्मासशी खेळत बसलात? गावभर माझी बदनामी झालीय! एक शब्द तोंडातून काढता आला नाही?"

"नाही आला," ती म्हणाली. "मी बोलले असते तर त्यांनी मला जन्मभर माफ केलं नसतं. आणि मला त्याच घरात राहायचंय."

मी परत खाली बसले. तिने पिशवीतून डबा काढून माझ्या मांडीवर ठेवला. श्रीखंड होतं. त्या दिवशी माझी वाटी तशीच राहिली होती, हे तिने बघितलं होतं तर.

"आता सांगितलंत का त्यांना?" मी विचारलं.

"अजून नाही. मुलाचा हात बरा होऊ दे. त्याला पहिला चेंडू टाकू दे. मग सांगेन."

"म्हणजे तोपर्यंत वाईट मीच."

तिने माझा हात धरला. उजव्या हाताने, घट्ट. "हो ताई," ती म्हणाली. "तेवढं कराल ना?"

"करते," मी म्हटलं.